लग्नाच्या मांडवातली दारू आणि शास्त्रातली वचने

श्रीरामपूर परिसरातील एका भगिनीचे पत्र आले आहे. ते बरेच दीर्घ असल्याने त्यातला मुख्य भाग तेवढा इथे देतो. त्यांचे घराणे काही पिढ्यांपासून प्रोटेस्टंट मंडळीत आहे आणि घरात दारूला कधीही जागा नव्हती. तरीही त्यांचे धाकटे दीर व्यसनात अडकले, पुढे व्यसनमुक्ती केंद्रात राहून आले आणि आता वर्षाहून अधिक काळ त्यांनी थेंबही घेतलेला नाही. मध्यंतरी एका रविवारच्या उपदेशात ‘मद्यपींना देवाच्या राज्याचे वतन मिळणार नाही’ हे वचन अशा रोखाने सांगितले गेले की, त्यानंतर दिरांनी उपासनेला येणेच सोडले. आता भगिनींच्या मुलीचे लग्न वसईच्या एका कॅथलिक कुटुंबात ठरले आहे. मुलाकडच्या मंडळींना स्वागतसमारंभात दारू असणे अगदी स्वाभाविक वाटते आणि ‘येशूनेच काना गावच्या लग्नात द्राक्षारस पुरवला, मग आपण कोण नाही म्हणणार?’ असे ते हसत हसत विचारतात. याच सुमारास पुण्यात शिकणारा मुलगा गांजा ओढतो असे कळले. जाब विचारल्यावर त्याने बायबलमधल्या ‘उत्पत्ती’ या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायातले, देवाने प्रत्येक वनस्पती माणसाला दिली असे वचन पुढे केले. ‘पिणे पाप आहे की नाही, ते एकदाचे स्पष्ट सांगा, म्हणजे मला सगळ्यांशी बोलता येईल,’ अशी त्यांची विनंती आहे.

प्रिय ताई,

प्रभूमध्ये सलाम.

तुम्ही स्पष्ट उत्तर मागितले आहे, म्हणून ते आधी देतो. पवित्र शास्त्रात द्राक्षारस पिण्याला सरसकट मनाई नाही, मात्र झिंगण्याला आहे, आणि ती मनाई जुन्या करारापासून नव्या करारापर्यंत कुठेही सैल झालेली नाही. परंतु एवढ्या उत्तरावर तुमचे काम भागणार नाही, असे मला तुमचे पत्र वाचताना सारखे जाणवत होते. तुमच्या घरातल्या प्रत्येकाने एकेक वचन हाती धरले आहे आणि प्रत्येकाचे वचन अर्ध्यावर तोडलेले आहे. शास्त्र हा विषय पिणाऱ्याच्या पेल्यापाशी संपवत नाही. त्या पेल्यामुळे शेजारी बसलेल्या भावाचे काय होते, हेही ते विचारते, आणि तुमच्या मांडवात खरा प्रश्न तोच आहे.

वसईच्या मंडळींशी कानाच्या लग्नावरून वाद घालू नका, कारण त्या वादात त्यांचीच बाजू भक्कम आहे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात, ज्यांतल्या पाण्याचा द्राक्षारस झाला त्या सहा दगडी रांजणांचा उल्लेख आहे आणि त्यांची मापे पाहिली तर एकूण द्राक्षारस साधारण पाचशे ते सातशे लिटर भरतो. तो नुसता गोड रस होता, असे आपल्याकडे अनेक वर्षे शिकवले गेले. पण भोजनकारभारी वराला म्हणतो की, लोक आधी चांगला द्राक्षारस वाढतात आणि पाहुणे यथेच्छ प्यायल्यावर हलका काढतात. नुसत्या गोड रसाबद्दल कोणी असे बोलणार नाही. येशूच्या पुनरुत्थानानंतर पन्नासाव्या दिवसाच्या सणाला शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला तेव्हा लोकांनी ‘हे द्राक्षारसाने मस्त झाले आहेत’ अशी थट्टा केली आणि पेत्राला ‘अहो, अजून सकाळचे नऊच वाजले आहेत’ असे सांगावे लागले. करिंथच्या मंडळीत तर प्रभुभोजनाच्या वेळी एक उपाशी राहत असे आणि दुसरा पिऊन मस्त, म्हणजे धुंद, होत असे. स्वतः प्रभूला त्याचे विरोधक खादाड आणि दारूबाज म्हणत असत. तो आरोप खोटा होता, पण बाप्तिस्मा करणाऱ्या योहानावर तो कधीच झाला नाही, कारण योहान द्राक्षारस पीत नव्हता आणि येशू पीत होता. लूकच्या सातव्या अध्यायात प्रभू स्वतःच हा फरक सांगतो.

त्याखेरीज १०४ वे स्तोत्र मनुष्याचे अंतःकरण आनंदित करणाऱ्या द्राक्षारसाबद्दल देवाचे आभार मानते. जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायात तर सणाला दूरवरून आलेल्या इस्राएली माणसाने दशांशाच्या पैशातून बैल, मेंढरे, द्राक्षारस किंवा मद्य, जे मनाला येईल ते घ्यावे आणि परमेश्वरासमोर आनंद करावा, अशी मुभा दिलेली आहे. आपल्या उपदेशांत हे वचन कधी ऐकू येत नाही. मात्र त्या वचनातला माणूस कुटुंबासह आणि परमेश्वरासमोर बसतो, गावातल्या लेव्याला, म्हणजे स्वतःची जमीन नसलेल्या उपासनासेवकाला, विसरत नाही आणि हे सारे सणापुरते असते, हेही तितक्याच प्रामाणिकपणे सांगायला हवे.

मात्र कानाचे नाव घेऊन व्हिस्कीची खोकी मांडवात आणणे, हा त्या अध्यायाचा गैरवापर आहे. त्या काळी द्राक्षारस पाणी मिसळून पिण्याची रीत सर्रास होती. ऊर्ध्वपातन करून काढलेली कडक दारू त्या जगाला माहीतच नव्हती, ती कित्येक शतकांनी आली. आपल्याकडच्या व्हिस्कीच्या किंवा रमच्या बाटलीवर अल्कोहोलचे प्रमाण ४२.८ टक्के छापलेले असते आणि इतक्या तीव्र पेयाविषयी शास्त्रातल्या कोणत्याही लेखकाने आशीर्वादाचा शब्द उच्चारलेला नाही. शिवाय त्या लग्नात द्राक्षारस संपल्याने यजमानाची लाज जाणार होती आणि प्रभूने ती राखली. आज तुमच्या दिरांची लाज राखायची झाली, तर तेच प्रेम उलट दिशेने चालावे लागेल.

आता दुसरी बाजू पाहू. शास्त्रातला पहिला द्राक्षमळा नोहाने लावला आणि त्याच्या पुढच्याच वाक्यात पहिला झिंगलेला माणूस आपल्याला भेटतो, तोही त्या पिढीतला सर्वांत नीतिमान. बापाला द्राक्षारस पाजणाऱ्या लोटाच्या मुलींची कथा तुम्हाला ठाऊक आहे, तिची उजळणी करत नाही. दाविद राजाने, ज्याच्या बायकोशी त्याने व्यभिचार केला होता त्या उरीयाला मुद्दाम मस्त केले ते स्वतःचे पाप झाकण्यासाठी, आणि दुसऱ्याला पाजणारा माणूस बहुधा आपलेच काही झाकत असतो असे मला वाटते. लेवीयच्या दहाव्या अध्यायात याजकांना दर्शनमंडपात, म्हणजे उपासनेच्या तंबूत, जाताना द्राक्षारस किंवा मद्य पिण्याची बंदी आहे. नव्या करारात मंडळीचा अध्यक्ष मद्यपी नसावा, सेवक द्राक्षारसात गुंतलेले नसावेत आणि वृद्ध स्त्रियांनीही मद्याचे दास होऊ नये, अशा अटी आहेत. इफिसकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायातली ‘द्राक्षारसाने मस्त होऊ नका’ ही आज्ञा तर तुमच्या मंडळीत लहान मुलांनाही पाठ असेल.

पण या सर्वांहून मला नीतिसूत्रांचा तेविसावा अध्याय महत्त्वाचा वाटतो, कारण तिथे आज्ञा थोडी आणि निरीक्षण फार आहे. कोणाला हाय हाय, कोणाचे भांडण, कोणाला विनाकारण घाव, कोणाचे डोळे लाल, असे विचारत तो लेखक पेल्यात तांबूस चमकणाऱ्या द्राक्षारसाकडे पाहूही नको म्हणतो. त्यानंतर तो डोळ्यांना दिसणाऱ्या विचित्र गोष्टी, भर समुद्रात निजल्यासारखे डोलणे, मार बसूनही वेदना न होणे सांगतो आणि शेवटी त्या माणसाच्याच तोंडून वदवतो की, मी जागा कधी होईन, म्हणजे पुन्हा त्याच द्राक्षारसाच्या शोधाला लागेन. व्यसनात अडकलेल्या माणसाची सकाळ कशी असते, ते इतक्या थोड्या ओळींत क्वचितच कोणी लिहिले असेल. तुमच्या दिरांना हे कोणी वाचून दाखवण्याची गरज नाही, त्यांनी ते भोगले आहे. वाचायचे असेल तर ते मांडवात ‘एकच पेग हो, आज तुमच्या पुतणीचे लग्न आहे’ म्हणू पाहणाऱ्यांनी. शेजाऱ्याला पाजून मस्त करणाऱ्याला हबक्कूकच्या दुसऱ्या अध्यायात ‘हायहाय’ म्हटले आहे. शाप पाजणाऱ्याला आहे आणि आग्रह करणाऱ्या सर्वांनी तो आपल्यावर घ्यावा.

प्रेषित पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य याचेही इथेच सांगतो, कारण ‘पोटासाठी थोडा द्राक्षारस घे’ हे पौलाचे वाक्य पिणाऱ्यांच्या ओठांवर कायम असते. पौलाला ते लिहावे लागले, याचा अर्थच असा की तीमथ्य तोवर पाणीच पीत होता आणि त्यासाठी त्याला कोणी नावे ठेवली नव्हती. पौलाने सांगितले ते आजाऱ्याला, वारंवार होणाऱ्या दुखण्यासाठी आणि ‘थोडा’ हे प्रमाण घालून. त्या वाक्यावर बारचा परवाना काढता येत नाही. तसेच, औषध म्हणूनही दारूचा स्पर्श नको, असे म्हणणाऱ्यांनाही ते वाक्य अडवते.

आता तो उपदेश. ‘मद्यपींना देवाच्या राज्याचे वतन मिळणार नाही’ हे पहिल्या करिंथकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायातले दहावे वचन आहे आणि ते खरे आहे, त्यातून कोणी पळवाट काढू नये. पण त्याच यादीत लोभी आहेत, निंदक आहेत, लुबाडणारे आहेत. लोभी माणसाकडे रोखून पाहत कोणत्या मंडळीत उपदेश झाला आणि तो उठून गेला, असे मी अजून ऐकलेले नाही, कारण त्याने बहुधा नव्या छपराला देणगी दिलेली असते. मुख्य म्हणजे यादी दहाव्या वचनाला संपते, परिच्छेद संपत नाही. अकरावे वचन सांगते की, तुमच्यापैकी कित्येक तसे होते, पण तुम्ही धुतलेले, पवित्र केलेले, नीतिमान ठरवलेले आहात. पौल ज्या मंडळीला हे लिहितो, तिच्या बाकांवर एकेकाळचे मद्यपी बसलेले आहेत आणि त्यांच्यासमोरच हे पत्र वाचले जाणार, हे त्याला माहीत आहे. दहावे वचन त्यांच्याकडे रोखून आणि अकरावे गिळून सांगणे म्हणजे पत्राचा अर्थ फिरवणे होय. तुमचे दीर आज ‘होते’ या शब्दातले आहेत. तुमच्या पाळकसाहेबांना तुमच्या यजमानांनी एकांतात, आदराने, पण आडपडदा न ठेवता हे सांगावे. तसेच पाळकसाहेबांनी स्वतः दिरांच्या घरी जाऊन त्यांना बोलवावे, अशी विनंती करावी. मंडळीतून निघून गेलेल्या माणसाने आपणहून परत यावे, अशी अपेक्षा मेंढपाळाने ठेवायची नसते.

तुमच्या आणि वसईच्या घरातला मतभेद मला शास्त्रातल्यापेक्षा इतिहासातला अधिक वाटतो. अहमदनगरला १८३१ साली काम सुरू करणारे अमेरिकन मराठी मिशनचे मिशनरी ज्या संस्थेने पाठवले होते, तिचे मुख्यालय बोस्टनला होते आणि त्याच बोस्टनमध्ये १८२६ साली अमेरिकेतल्या मद्यपाननिषेधाच्या चळवळीची मोठी संस्था उभी राहिली होती. पुढे पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८ या काळात अमेरिकेत असताना फ्रान्सिस विलार्ड यांच्या ख्रिस्ती स्त्रियांच्या मद्यपाननिषेधक संघटनेशी त्यांचा निकटचा संबंध आला. त्या स्त्रियांच्या विरोधाच्या मुळाशी धर्मशास्त्राची काथ्याकूट फारशी नव्हती. नवऱ्याचा पगार गुत्त्यात जातो आणि मार बायको-मुलांना बसतो, हा तिथला रोजचा अनुभव त्यामागे होता. थॉमस वेल्च या मेथडिस्ट गृहस्थाने १८६९ साली द्राक्षांचा रस न आंबता टिकवण्याची युक्ती काढली ती प्रभुभोजनासाठीच, आणि आज आपल्या अनेक मंडळ्यांत द्राक्षांचा साधा रस किंवा मनुका उकळून केलेला रस वापरतात, तो याच विचाराचा वारसा आहे. १८८२ साली मुंबईत आलेल्या मुक्तिफौजेत (साल्व्हेशन आर्मी) तर सैनिक होण्यासाठी दारू, तंबाखू आणि अमली पदार्थ सोडण्याचा करारच करावा लागतो.

वसईची गोष्ट वेगळी आहे. तिथली ख्रिस्ती परंपरा पोर्तुगीज अमलातली, म्हणजे १५३४ नंतरची आहे आणि ती दक्षिण युरोपातून आली, जिथे द्राक्षारस वेदीवरही असतो आणि जेवणाच्या टेबलावरही. मुंबईच्या ईस्ट इंडियन घरांत मसाला घालून गरम केलेली खिमाड ही दारू किंवा गोव्यात काजूची फेणी लग्नकार्यात फिरते, तेव्हा त्या लोकांच्या मनात बंडखोरी नसते, आतिथ्य असते. पण कॅथलिक चर्च पिण्याबाबत बेफिकीर आहे, हा आपल्याकडचा समज चुकीचा आहे. १९९२ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा धर्मशिक्षणग्रंथ अन्न, मद्य, तंबाखू आणि औषधे यांच्या प्रत्येक अतिरेकापासून दूर राहण्यास सांगतो, नशेत वाहन चालवून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्याला गंभीर दोषी ठरवतो आणि उपचाराखेरीज अमली पदार्थ घेणे हा गंभीर अपराध मानतो. म्हणजे तुमच्या विहीणबाईंशी बोलताना ‘तुमचा धर्म पिऊ देतो, आमचा नाही’ असे म्हणण्याची गरज नाही आणि ते खरेही नाही.

तुमच्या घराण्याच्या रीतीला शास्त्रात आधार हवा असेल तर यिर्मयाचा पस्तिसावा अध्याय काढा. रेखाबी घराण्याला यिर्मयाने परमेश्वराच्या मंदिरातल्या एका खोलीत नेले, त्यांच्यापुढे द्राक्षारसाने भरलेले प्याले ठेवले आणि ‘प्या’ म्हटले. ते म्हणाले, आम्ही पिणार नाही, कारण आमचा पूर्वज योनादाब याने तशी आज्ञा दिली आहे. यात विलक्षण गोष्ट अशी की, समोर ठेवणारा देवाचा संदेष्टा होता आणि ठेवायला सांगणारा स्वतः परमेश्वर होता. तरी त्यांच्या नकाराने परमेश्वर रागावला नाही. उलट यहूदाच्या लोकांना त्याने त्यांचा कित्ता दाखवला. तिथे द्राक्षारस वाईट ठरलेला नाही, पण घराण्याचा शब्द पाळणारी माणसे मोठी ठरली आहेत. ‘आमच्या घरात ही रीत आहे आणि आम्ही ती पाळतो’ एवढेच वाक्य पुरेसे प्रतिष्ठित आहे. त्यासाठी इतरांना पापी ठरवावे लागत नाही.

आता मांडवाकडे येऊ. रोमकरांस पत्राचा चौदावा अध्याय तुम्ही, तुमचे यजमान आणि जमल्यास होणारे जावई, अशा सर्वांनी एकत्र बसून वाचावा, असे मी सुचवतो. खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोष लावू नये, असे तो आधी दोन्हीकडच्यांना बजावतो. मग एकविसाव्या वचनात तो म्हणतो की, ज्यामुळे तुझा भाऊ ठेचाळतो ते मांस न खाणे, द्राक्षारस न पिणे, किंवा असे काहीही न करणे हेच चांगले. माघार घेण्याची जबाबदारी तिथे ज्याचा पाय घट्ट आहे त्याच्यावर टाकलेली आहे. दिरांनी मन घट्ट करावे आणि बाकीच्यांनी आपला आनंद करावा, हा व्यवहार या अध्यायाच्या नेमका उलट आहे. ज्याला दोन पेल्यांवर थांबता येते, त्यानेच एका संध्याकाळी थांबून दाखवावे.

हे विहीणबाईंना तुम्ही स्वतः भेटून सांगा, फोनवर नको आणि मुलीच्या तोंडून तर मुळीच नको. पाप-पुण्याचा विषय काढू नका. ‘आमच्या घरात एक माणूस फार कष्टाने सावरला आहे, त्याच्या पुतणीच्या लग्नात त्याला ताठ मानेने उभे राहता यावे, एवढी आमची मागणी आहे,’ असे म्हणा. मात्र त्याआधी दिरांची परवानगी घ्या. त्यांचे दुखणे त्यांना न विचारता चार घरांत सांगणे योग्य नाही. श्रीरामपूरला तुम्ही जो कार्यक्रम कराल तो पूर्णपणे दारूविना असेल, हे तुमच्या हातात आहे आणि त्यात तडजोड करू नका. वसईला मुलाकडचे जे करतील ते त्यांचे घर आहे. तिथे निदान मुख्य समारंभात, शुभेच्छांसाठी पेले उंचावताना, सर्वांच्या हाती द्राक्षांचा रस असावा, इतके तुम्ही मागू शकता आणि प्रेमळ घर असेल तर ते मान्य करेल. नाहीच केले, तर दिरांनी तिथे विधीपुरते जाऊन लवकर निघावे. सोबत त्यांची अवस्था जाणणारा एक माणूस असावा, परतीचे वाहन आधी ठरलेले असावे आणि कोणी कारण विचारलेच तर ‘मी घेत नाही’ या तीन शब्दांपलीकडे त्यांनी उत्तर देऊ नये. न जाण्याचा निर्णय त्यांनी घेतला तरी तुम्ही रुसू नका.

लग्नविधी मिस्सासहित, म्हणजे प्रभुभोजनाच्या कॅथलिक उपासनेसह, झाला तर त्यातल्या द्राक्षारसाची चिंता तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिली आहे. कॅथलिक मिस्सामध्ये ख्रिस्तप्रसाद सामान्यतः कॅथलिकांनाच दिला जातो आणि बहुतेक ठिकाणी भाविकांना भाकरच मिळते. त्यामुळे तिथे दिरांपुढे पेला येणार नाही. व्यसनातून सावरणाऱ्या धर्मगुरूंसाठीही, वरिष्ठांच्या परवानगीने, जवळजवळ न आंबलेला द्राक्षांचा रस वापरण्याची सोय त्या चर्चने ठेवली आहे. हे विहीणबाईंनाही कदाचित ठाऊक नसेल.

मुलाबद्दल थोडे कठोर लिहितो. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातल्या एकोणतिसाव्या वचनात देवाने बीज देणारी प्रत्येक वनस्पती मनुष्याला ‘अन्न’ म्हणून दिली आहे. धोत्र्यालाही बी येते, पण ती खाऊन कोणी शास्त्राचा दाखला देत नाही. त्याच बागेत, पुढच्याच अध्यायात, एक झाड देवाने वर्ज्य केलेले आहे. तेव्हा उगवले म्हणून घ्यावे, हा नियम एदेन बागेतही नव्हता. गांजाचे नाव शास्त्रात नाही, हे तो म्हणेल आणि ते मान्य करा. परंतु ‘सर्व गोष्टींची मला मोकळीक आहे, तरी मी कशाच्याही अधीन होणार नाही’ हे पौलाचे म्हणणे, शरीर हे पवित्र आत्म्याचे मंदिर आहे ही त्याच अध्यायातली शिकवण आणि सावध व जागृत राहा ही पेत्राची आज्ञा, या तिन्हींना पदार्थाच्या नावाची गरज नाही. द्राक्षारस न झिंगता, जेवणाबरोबर घेता येतो आणि शास्त्रातली मुभा तेवढ्यापुरती आहे. गांजा मात्र मौजेसाठी ओढणारा नशेसाठीच ओढतो, म्हणून ती मुभा त्याला लागू करता येत नाही, असे माझे मत आहे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार तो जवळ बाळगणे आणि ओढणे हा गुन्हा आहे, आणि अधिकाऱ्यांच्या अधीन राहा असे सांगणारा रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय विद्यार्थ्यांनाही लागू होतो. त्याहून मोठी गोष्ट अशी की, त्याच्या सख्ख्या काकांना व्यसनाने धरले होते. व्यसनाचा कल काही अंशी रक्तातून येतो आणि कोवळ्या वयात नियमित गांजा ओढणाऱ्यांना गंभीर मानसिक आजाराचा धोका अधिक असतो. हे त्याला वचनांनी सांगण्यापेक्षा त्याच्या काकांनी सांगितले तर तो ऐकेल.

तुम्ही स्वतः त्याच्याशी वचनांची कुस्ती खेळू नका. किती दिवसांपासून, कशासाठी, एकटा असताना की मित्रांत, महिनाभर थांबून दाखवता येईल का, हे शांतपणे विचारा. थांबता येत नसेल तर प्रार्थनेबरोबर डॉक्टरही हवा. पुण्यातच १९८६ सालापासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र काम करत आहे आणि केंद्र सरकारची १४४४६ ही विनामूल्य दूरध्वनीसेवा आहे. जाता जाता एक विचारू का? घरातल्या ज्येष्ठ बायका सकाळी मिसरी लावतात आणि पुरुष तंबाखूचा बार भरतात, तेव्हा शरीराचे मंदिर कोणाला आठवते? मुलगा हा प्रश्न विचारणारच, उत्तर तयार ठेवा.

औषधांबाबत मात्र गल्लत नको. वधस्तंभावर जाण्यापूर्वी प्रभूने वेदना बधिर करण्यासाठी दिलेला, बोळ हा कडू सुगंधी डिंक मिसळलेला द्राक्षारस नाकारला, म्हणून वेदनाशामके घेणे अविश्वासाचे आहे, असे सांगणारे लोक आपल्यात आहेत. ते प्रभूने स्वतःपुरते केले, दुसऱ्या कोणाला तशी आज्ञा दिली नाही. चांगल्या शोमरोन्याने जखमांवर तेल आणि द्राक्षारसच ओतला, आणि नीतिसूत्रांच्या एकतिसाव्या अध्यायात राजांना मद्य वर्ज्य सांगितल्यावर लगेच मरणोन्मुखाला ते द्या म्हटले आहे. कर्करोगाच्या रुग्णाला डॉक्टरांनी दिलेले मॉर्फिन हे त्याच दयेतले आहे आणि ते रुग्णांपर्यंत पोहोचणे सोपे व्हावे म्हणून २०१४ साली कायदाही बदलला गेला.

देव न करो, पण दिरांचा पाय पुन्हा घसरला तर काय करायचे, तेही आताच ठरवून ठेवा. सतत पिणाऱ्याने एकाएकी बंद केले तर पहिल्या एक-दोन दिवसांत हातपाय कापणे, घाम, आकडी येऊ शकते आणि दोन ते चार दिवसांत भ्रम होऊन जिवावर बेतू शकते. म्हणून अशा माणसाला खोलीत कोंडून रात्रभर प्रार्थना करू नये. आधी रुग्णालयात न्यावे आणि प्रार्थना तिथे खाटेशेजारी करावी. ‘न सांगता दारू सोडवा’ अशा जाहिरातींतली पूड अन्नात मिसळण्याचा सल्ला नातेवाईक देतील. तो मानू नका, कारण दारू सोडवण्याच्या काही औषधांवर दारू पडली तर प्राणही जाऊ शकतात आणि फसवणुकीवर उभे केलेले बरेपण टिकत नाही. दारूच्या व्यसनातून सावरणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्यासाठी चालवलेल्या अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या सभांना ते जात असतील तर उपासना चुकली म्हणून त्यांना बोलू नका. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेली ती चळवळ एका ख्रिस्ती गटाच्या प्रार्थनासभांतून निघाली आणि तिथे माणूस आपली चूक दुसऱ्या माणसाजवळ मोठ्याने कबूल करतो, ते याकोबाच्या पाचव्या अध्यायात सांगितल्याप्रमाणेच आहे. आपल्या मंडळ्यांत हे करायला फार कमी जण धजावतात.

शेवटची गोष्ट तुम्ही विचारलेली नाही. इतक्या मोठ्या पत्रात तुमच्या धाकट्या जाऊबाईंचा उल्लेख एकदाच, तोही दिरांना केंद्रात कोणी नेले हे सांगताना आला आहे. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात, पंचविसाव्या अध्यायात, अबीगईल आपल्या नवऱ्याच्या, नाबालाच्या, घरी परत आली तेव्हा तो राजासारखी मेजवानी झोडून धुंद होता. तिने रात्री एक शब्दही काढला नाही, त्याचा कैफ उतरल्यावर सकाळी सारे सांगितले. एवढा अंदाज एका दिवसात येत नाही, अशा अनेक रात्री त्यामागे असाव्यात. तुमच्या जाऊबाईंच्याही तशा रात्री झाल्या आहेत आणि नवरा पीत नसला तरी त्यांचे कान अजून दाराच्या आवाजाकडे असतील. व्यसनी माणसांच्या घरच्यांसाठी अल-अॅनन या नावाने वेगळ्या सभा भरतात. त्यांची चौकशी अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या सभेत करता येईल. लग्नाच्या खरेदीच्या निमित्ताने त्यांना बरोबर घ्या, आणि वसईला कोणी जायचे, कधी निघायचे, हे ठरवताना आधी त्यांना विचारा.